बर्नरचे लाल बटण आणि इतर प्रश्न

डिझेलसारख्या तेलावर चालणारा बर्नर मराठवाड्यात आता केवळ औद्योगिक वसाहतींपुरता राहिलेला नाही. लातूरच्या डाळ मिलमधील ड्रायर, बेकरीचा फिरता ओव्हन, हळद आणि मसाल्याची वाळवण, यात्रेच्या गावांतील भक्तनिवासांचे गरम पाणी आणि जालन्यातील रोलिंग मिलच्या भट्ट्या अशा सर्वत्र तो पोहोचला आहे. बसविणारा मिस्त्री बहुधा दुसऱ्या शहरातून येतो, अर्ध्या दिवसात ज्योत पेटवून दाखवतो आणि निघून जातो. पुढची कित्येक वर्षे ज्याच्या हाती ते यंत्र राहते, त्याला एकच गोष्ट शिकवलेली असते, ती म्हणजे लाल दिवा लागला की बटण दाबायचे. म्हणून त्या बटणासंबंधीचे पत्र प्रथम घेतो.

प्रश्न : आमच्या बेकरीत डिझेल बर्नरचा फिरता ओव्हन आहे. गेल्या महिन्यापासून पहाटे पहिल्यांदा सुरू करताना बर्नर तीन-चार वेळा ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. कारागीर लाल बटण दाबत राहतो आणि शेवटी तो पेटतो. मात्र पेटताना ‘धप्प’ असा आवाज येतो आणि मागचा पत्रा हलतो. हे चालवून घ्यावे काय?
– बेकरीचालक, परभणी

उत्तर : चालवून घेऊ नये, एक दिवसही नाही. तो आवाज म्हणजे भट्टीच्या पोकळीत साठलेल्या तेलाच्या वाफेने एकदम घेतलेला पेट आहे, आणि आज हललेला पत्रा उद्या उडू शकतो.

बटण दाबल्यावर काय घडते ते समजून घ्यावे. प्रथम नुसता पंखा फिरतो आणि आत राहिलेली वाफ बाहेर ढकलतो; लहान बर्नरमध्ये हे साधारण १२ ते १५ सेकंद चालते. त्यानंतर ट्रान्सफॉर्मर सुमारे १०,००० व्होल्टची ठिणगी पाडतो, विजेवर उघडणारा तेलाचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो आणि नोझलच्या बारीक छिद्रातून तेल धुक्यासारखे फवारले जाते. पाच ते दहा सेकंदांत फोटोसेलला, म्हणजे प्रकाश ओळखणाऱ्या डोळ्याला, ज्योत दिसली नाही, तर कंट्रोल बॉक्स तेल बंद करून लाल दिवा लावतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा यंत्र बिघडलेले नसते, त्याने आपले काम चोख केलेले असते. मात्र त्या काही सेकंदांत फवारले गेलेले तेल आतच राहते. ताशी सहा लिटर तेल जाळणारा बर्नर दहा सेकंदांत सुमारे १७ मिलिलिटर तेल टाकतो. चार वेळा बटण दाबले की साधारण अर्धा कप चहाइतके डिझेल भट्टीच्या तळाशी आणि विटांवर पसरते. भट्टी थोडी जरी गरम असली, तरी त्याची वाफ होते आणि पाचव्या ठिणगीला ते सगळे एकाच वेळी पेटते. पंख्याचे पंधरा सेकंद वाफेसाठी असतात. विटेत मुरलेले तेल त्यांनी निघत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी उदगीरजवळच्या एका मिलमध्ये, मालक शेजारी उभे राहून घाई करीत असताना, मी स्वतः पाच वेळा बटण दाबले होते. पाहणीच्या काचेची चौकट माझ्या कानाजवळून गेली आणि भुवया जळाल्या. तेव्हापासून माझा नियम असा आहे की पहिल्या ट्रिपनंतर किमान पाच मिनिटे थांबावे, काचेतून आत पाहावे, तेल साचलेले किंवा पांढुरकी वाफ दिसली नाही तरच बटण एकदा दाबावे. दुसऱ्यांदा ट्रिप झाल्यास तेलाचा हातव्हॉल्व्ह आणि मुख्य स्विच बंद करून मिस्त्रीला बोलवावे. आत तेल दिसल्यास भट्टी पूर्ण थंड होऊ द्यावी, ते कापडाने टिपून घ्यावे, तेलाचा व्हॉल्व्ह बंद ठेवून नुसता पंखा चालवावा आणि तेलकट बोळे कारखान्याबाहेर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावेत.

आपल्या बिघाडाविषयी एक सूचना. दोष केवळ पहाटेच्या पहिल्या वेळेस येत असेल, तर संशय प्रथम तेलाच्या नळीवर घ्यावा. टाकी बर्नरपेक्षा खाली असेल आणि शोषण नळीच्या टोकाचा एकदिशी व्हॉल्व्ह गळत असेल, तर रात्रभरात नळीतील तेल टाकीत उतरते आणि सकाळी पंप हवा ओढतो. नळीत पारदर्शक तुकडा तात्पुरता जोडल्यास बुडबुडे डोळ्यांना दिसतात. त्यात काही न आढळल्यास ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडवरील काजळी, त्यांच्या टोकांतील अंतर आणि फोटोसेलची मळलेली काच तपासावी. काही कारागीर फोटोसेल बाहेर काढून त्याला बॅटरीचा प्रकाश दाखवतात आणि बर्नर ‘फसवून’ चालू ठेवतात. असे करताना ज्योत विझली, तर तेल थांबविणारे काहीही शिल्लक राहत नाही. आपल्याकडे कोणी असे करीत असेल, तर त्याला त्या यंत्रापासून दूर ठेवावे.

प्रश्न : आमच्या डाळ मिलच्या ड्रायरचा बर्नर हिवाळ्यात सुरेख चालतो, पण एप्रिलपासून चिमणीतून काळा धूर येऊ लागतो आणि डिझेलही जास्त लागते. दरवर्षी नोझल बदलतो, तरी फरक पडत नाही. तेलात भेसळ असावी काय?
– डाळ मिलचालक, लातूर

उत्तर : भेसळ असूही शकते, पण दरवर्षी नेमकी एप्रिलमध्येच होणारी भेसळ मी पाहिलेली नाही. आपला बिघाड तेलात नसून हवेत असावा असे वाटते.

एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १२ किलो हवा लागते. प्रत्यक्षात पाव भाग जास्त द्यावी लागते, कारण तेलाचा प्रत्येक थेंब आणि हवेचा प्रत्येक कण एकमेकांना भेटतोच असे नाही. बर्नरचा पंखा मात्र हवा किलोने मोजत नाही. तो ठरावीक घनमीटर ढकलतो. जानेवारीच्या पहाटे १२ अंश तापमानात एका घनमीटरमध्ये जितके किलो हवा असते, त्यापेक्षा मे महिन्याच्या दुपारी ४३ अंशांत सुमारे दहा टक्के कमी असते. तेलाचा पुरवठा त्या प्रमाणात घटत नाही. त्यात बालाघाटच्या पठारावरील पाच-सहाशे मीटर उंचीमुळे आपली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के आधीच विरळ असते, आणि किनाऱ्यावरच्या शहरात जुळवून आणलेला बर्नर इथे येताच थोडा घुसमटतो. थंडीत सेटिंग केलेला डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, उन्हाळ्यात तसाच ठेवला, की जादा हवेची ती शिल्लक संपते आणि धूर निघतो.

दुसरे कारण डाळ मिलचे स्वतःचे आहे. टरफलांची बारीक धूळ पंख्याच्या पात्यांच्या खोबणीत घट्ट बसते. बाहेरून पंखा फिरताना दिसतो, पण पात्यांचा आकारच बदलल्यामुळे हवा निम्म्यावर येऊ शकते. मिलमध्ये महिन्यातून एकदा मुख्य स्विच बंद करून पंख्याचे घर उघडावे आणि पाती ब्रशने कोरून स्वच्छ करावीत. बर्नरच्या तोंडाला कापड किंवा गोणपाट बांधून धूळ अडवण्याचा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे; तो हवाच अडवतो. बर्नर भिंतीपलीकडे ठेवून त्याला बाहेरची स्वच्छ हवा देणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. धुळीचा ढग आणि उघडी ज्योत एका खोलीत असणे मुळातच धोक्याचे आहे.

डॅम्पर किती उघडायचा हे मात्र ज्योतीच्या रंगावरून ठरवू नये. माझ्यासारख्या तीस वर्षे भट्ट्यांत डोकावलेल्या माणसाचाही डोळा यात चुकतो. धुरातील वायू मोजणारे यंत्र चिमणीत घालून ऑक्सिजन साधारण ३ ते ५ टक्के, कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भागांच्या) आत आणि कागदावर उमटणाऱ्या काजळीच्या खुणेचा क्रमांक शून्य किंवा एक येईल असे सेटिंग करावे. हे काम वर्षातून दोनदा, म्हणजे होळीच्या सुमारास आणि दिवाळीनंतर, करून घ्यावे. हवा भरमसाट सोडून धूर घालविणारे मिस्त्री असतात. त्यात धूर जातो, पण पैसे गरम हवेच्या रूपाने चिमणीतून जातात. चिमणीतील तापमानाच्या दर २२ अंश वाढीमागे कार्यक्षमता साधारण एक टक्क्याने उतरते असा ठोकताळा आहे. तीन मिलिमीटर काजळीचा थर इंधनाचा खर्च सुमारे अडीच टक्क्यांनी वाढवतो.

प्रश्न : हळद प्रक्रियेसाठी गरम हवेचे यंत्र घेत आहोत. बर्नर ताशी दहा लिटरचा आहे. खोली, टाकी आणि नळ्यांची व्यवस्था आम्हालाच करायची आहे. काय काळजी घ्यावी? परवाना लागतो काय?
– प्रक्रिया उद्योजक, वसमत

उत्तर : यंत्र येण्यापूर्वी विचारलेत, हे फार बरे झाले. बर्नरच्या निम्म्या तक्रारी बर्नरच्या बाहेर जन्मतात.

खोलीपासून सुरुवात करू. ताशी दहा लिटरचा बर्नर तासाला सुमारे १२५ घनमीटर हवा मागतो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते, म्हणजे बंद खोलीची सगळी हवा तो तेरा-चौदा मिनिटांत गिळतो. म्हणून जमिनीलगत एक आणि छताजवळ एक अशा, प्रत्येकी किमान एक चौरस फूट मोकळ्या, कधीही बंद न होणाऱ्या खिडक्या ठेवाव्यात. जाळी लावल्यास मोकळे क्षेत्र घटते, तेव्हा खिडकी त्या मानाने मोठी करावी. खिडकीसमोर पोत्यांची थप्पी लागणार नाही असे पाहावे. हा नियम कागदावर सोपा आणि हंगामात अवघड असतो.

टाकीसाठी पाया घालताना आपल्या काळ्या मातीची आठवण ठेवावी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर थेट घातलेला चौथरा दोन वर्षांत तडकतो. काळी माती काढून मुरूम भरून दाबावा आणि त्यावर काँक्रीट घालावे. टाकीभोवती न झिरपणारे आळे बांधावे आणि त्यात टाकीच्या क्षमतेपेक्षा किमान दहा टक्के जास्त तेल मावावे. आळ्याला पावसाचे पाणी काढण्यासाठी तोटी हवी, पण ती एरवी कुलूपबंद असावी. टाकीच्या तळाला किंचित उतार आणि सर्वांत खोल जागी निचऱ्याची तोटी ठेवावी, कारण पावसाळ्यात टाकीच्या आत पाणी घाम सुटल्यासारखे जमते आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. शोषण नळी तळापासून चार बोटे वर ठेवावी. टाकीत हवा आत-बाहेर होण्यासाठी ठेवलेल्या नळीचे तोंड खाली वळवून त्यावर बारीक जाळी लावावी.

परवान्याविषयी. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार डिझेल ‘ब’ वर्गात येते. एका ठिकाणचा एकूण साठा २,५०० लिटरपेक्षा जास्त नसेल आणि त्यातील कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तर साठवणीचा परवाना लागत नाही. एकच दोन हजार लिटरची टाकी बसवली, तर मात्र ही सवलत जाते. अनेकांची गफलत इथेच होते. आपल्याला ९०० लिटरची एक टाकी पुरेल असे वाटते. आपले यंत्र गरम हवेचे आहे म्हणून बाष्पकाचा (बॉयलरचा) कायदा लागू होत नाही. पुढे हळद शिजविण्यासाठी वाफेचे यंत्र घेतलेत, तर त्याची क्षमता २५ लिटर किंवा अधिक आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलो किंवा अधिक असल्यास बाष्पके संचालनालयाकडील नोंदणीचा विषय निघेल. त्यासाठीचा १९२३ चा जुना कायदा जाऊन आता बाष्पके अधिनियम, २०२५ आला आहे.

नळ्या तांब्याच्या किंवा साध्या लोखंडाच्या घ्याव्यात. गॅल्व्हनाइज्ड पाइप पाण्याला ठीक असतो. डिझेलमध्ये त्याचे जस्त विरघळून चिकट साका तयार होतो आणि तो फिल्टर व नोझलमध्ये जाऊन बसतो. आट्यांवर नळकामाची पांढरी टेप गुंडाळू नये. तिचा एक धागा सुटून पंपात गेला, तर दोष शोधण्यात दिवस जातो. जोड फ्लेअर पद्धतीचे, म्हणजे नळीचे तोंड फुलवून आवळलेले, असावेत. टाकीपाशी हातव्हॉल्व्ह, त्यानंतर फिल्टर, आणि बर्नरच्या अलीकडे आगीच्या उष्णतेने आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवावा. या शेवटच्या वस्तूची किंमत पाहून ती वगळली जाते, आणि माझ्या मते संपूर्ण जोडणीत तिच्याइतकी स्वस्त सुरक्षितता दुसरी नाही. टाकी बर्नरपेक्षा उंच असेल, तर नळी तुटल्यास सगळी टाकी जमिनीवर रिकामी होऊ नये म्हणून सायफन, म्हणजे तेलाचे आपोआप वाहत राहणे, रोखणारा व्हॉल्व्हही हवा.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट सांगतो. पंपाला एकच नळी जोडायची की जादा तेल टाकीत नेणारी परतीचीही जोडायची, यावर पंपातील एक लहानसा बायपास स्क्रू अवलंबून असतो. दोन नळ्यांच्या जोडणीत तो बसवावा लागतो, एका नळीच्या जोडणीत तो काढावा लागतो. तो बसवलेला असताना परतीचा मार्ग बंद राहिला, तर तेलाला जायला जागा उरत नाही आणि पंपाचे सील काही क्षणांत फुटते. त्यामुळे परतीच्या नळीवर कधीही हातव्हॉल्व्ह लावू नये. कोणीतरी तो एक दिवस बंद करतोच. तीन फेजची मोटर असल्यास पहिल्याच दिवशी पंख्याची दिशा तपासावी. उलटा फिरणारा पंखाही थोडी हवा देतो आणि मिस्त्रीला बुचकळ्यात टाकतो.

आग विझविण्यासाठी दाराबाहेर फोम किंवा कोरड्या पावडरचे नळकांडे आणि वाळूच्या बादल्या ठेवाव्यात. पेटत्या तेलावर पाणी मारू नये. मुख्य स्विचही दाराबाहेरच असावा, आत नव्हे.

प्रश्न : फरसाणाच्या भट्टीला ताप कमी पडतो. मिस्त्री म्हणतो की नोझल तोच ठेवून पंपाचा दाब ७ बारवरून १२ बार करतो. चालेल काय?
– फरसाण उत्पादक, बीड

उत्तर : नोझलवर लिहिलेला आकडा ताशी अमेरिकन गॅलनचा असतो आणि तो सुमारे ७ बार दाबासाठी असतो. ‘२’ हा आकडा असलेले नोझल ७ बारवर ताशी साधारण ७.६ लिटर देते. दाब १२ केला की तेच नोझल सुमारे ९.९ लिटर देईल, कारण तेलाचे प्रमाण दाबाच्या वर्गमुळाने वाढते. म्हणजे इंधन तीस टक्के वाढले. त्या प्रमाणात हवा वाढवली नाही, तर ताप न वाढता काजळी वाढेल, आणि हवा वाढवली तरी ज्योत लांब होऊन कढईच्या बुडाशी किंवा मागच्या विटेला भिडेल. भट्टीच्या पाटीवर जितकी क्षमता छापली आहे, त्यापलीकडे जाऊ नये. बहुतेक वेळा ताप कमी पडण्याचे कारण कढईच्या बुडाचा काजळीचा थर हेच असते. आधी ती खरवडून पाहावी. नोझल तारेने कोरून साफ करू नये. त्याच्या छिद्राला पडलेला ओरखडा फवारा वाकडा करतो. वर्षाला एक नवे नोझल, तोच आकडा, फवाऱ्याचा तोच कोन.

प्रश्न : आमच्या भक्तनिवासात तळमजल्यावर डिझेलवर पाणी तापविण्याचे यंत्र आहे. मागील हिवाळ्यात पहाटे यंत्राजवळ झोपणाऱ्या दोघा कर्मचाऱ्यांना वरचेवर डोके दुखणे आणि मळमळ होत असे. दिवसा बरे वाटे. यंत्रातून धूर दिसत नाही. याचा संबंध असेल काय?
– व्यवस्थापक, तुळजापूर

उत्तर : असू शकतो, आणि तो नाही हे सिद्ध होईपर्यंत यंत्र बंद ठेवावे आणि त्या खोलीत कोणालाही झोपू देऊ नये. अर्धवट जळालेल्या तेलातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर आराम, ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. लोक त्यांना जागरण किंवा पित्त समजतात. कोणी गुंगीत आढळल्यास प्रथम दारे उघडून त्याला बाहेर आणावे, बर्नर बाहेरच्या स्विचने बंद करावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना ‘बंद खोलीत बर्नर चालू होता’ हे स्पष्ट सांगावे, म्हणजे ते रक्ताची तशी तपासणी करतील.

धूर दिसत नाही म्हणजे वायू नाही, असे नाही. आपल्याकडे तीन गोष्टी पाहाव्यात. हिवाळ्यात थंडी वाजते म्हणून हवेच्या खिडकीत उशी किंवा पुठ्ठा कोंबला जातो काय? चिमणीत पारव्यांचे घरटे, गळून पडलेली काजळी किंवा गंजून आत कोसळलेली टोपी आहे काय? आणि त्याच मजल्यावर स्वयंपाकघराचा मोठा एक्झॉस्ट पंखा आहे काय? हा तिसरा प्रश्न बहुतेकांना सुचत नाही. दारे बंद असताना असा पंखा खोलीतील हवा इतक्या जोराने बाहेर ओढतो, की चिमणीतून वर जाणारा वायू उलटा खाली खेचला जातो. मिस्त्री दुपारी येतो तेव्हा दारे उघडी असतात, पंखा बंद असतो आणि सगळे ठीक दिसते. म्हणून तपासणी पहाटेच्याच परिस्थितीत, दारे लावून आणि पंखा चालू ठेवून करावी. चिमणीचे तोंड शेजारच्या भिंतीच्या वर काढलेले असावे. यंत्राच्या खोलीत आणि लगतच्या झोपण्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. तो दोष दुरुस्त झाल्यावरही काढू नये.

प्रश्न : बाजारात डिझेलच्या निम्म्या किमतीत काळे तेल मिळते, टायरपासून केलेले तेलही मिळते. आमच्या डिझेल बर्नरमध्ये ते थोडे मिसळून वापरावे काय?
– लघुउद्योजक, जालना

उत्तर : नाही. वाहनातून काढलेल्या वापरलेल्या काळ्या तेलात धातूंचे कण, पाणी आणि कधी पेट्रोलही असते. डिझेलसाठी घडवलेला पंप ४० अंशांत २ ते ४.५ सेंटिस्टोक (तेलाचा दाटपणा मोजण्याचे एकक) इतके पातळ तेल धरून बनवलेला असतो. जाड तेल त्यात फवारले न जाता थेंब-थेंब पडते, विटांवर कोळसा साचतो आणि पहिल्या पत्रातील ‘धप्प’ आपल्याकडेही येतो. फर्नेस ऑइल या जाड तेलावर चालणाऱ्या मोठ्या भट्ट्यांत तेल शंभर अंशांच्या आसपास तापवून मगच फवारतात. ते वेगळे यंत्र आहे. टायरच्या तेलात हलके, लवकर पेटणारे भाग राहिलेले असतात, त्यामुळे टाकीपाशीच आग लागण्याची शक्यता वाढते, आणि त्यातील गंधक चिमणीचा पत्रा खाते. शिवाय वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते; ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. वाचलेले पैसे पंप आणि विटा यांतच जातात हे मी जालन्यात पुरेसे पाहिले आहे. डिझेलमध्ये पेट्रोल तर चमचाभरही मिसळू नये.

प्रश्न : वीज गेल्यावर जनरेटरवर येताना बर्नर प्रत्येक वेळी ट्रिप होतो.
– शीतगृह व प्रक्रिया केंद्रचालक, नांदेड

उत्तर : वीज आणि जनरेटर यांच्यामध्ये जी क्षणभराची उघडझाप होते, ती कंट्रोल बॉक्सला गोंधळात टाकते. बर्नरच्या पुरवठ्यात एक-दोन मिनिटांचा विलंब देणारा टायमर बसवावा, म्हणजे विजेचा दाब स्थिर झाल्यावरच क्रम पहिल्यापासून सुरू होईल. मल्टिमीटरने जनरेटरवरील व्होल्टेज पाहावे. बहुतेक कंट्रोल बॉक्स १९५ ते २५३ व्होल्टदरम्यानच विश्वासाने काम करतात. जनरेटरच्या जोडणीत फेज आणि न्यूट्रल उलटे झालेले नाहीत आणि अर्थिंग दोन्ही पुरवठ्यांवर सलग आहे, हे परवानाधारक वायरमनकडून पाहून घ्यावे. फेज-न्यूट्रल उलटल्यास स्विच बंद करूनही बर्नरच्या आत वीज राहू शकते.

प्रश्न : मी मसाले आणि पापडाचा छोटा उद्योग चालवते. वाळवणीच्या यंत्राला डिझेल बर्नर आहे. वार्षिक देखभालीचा करार केला आहे, पण मिस्त्री दहा मिनिटांत पुसून निघून जातो. मला स्वतः काय पाहता येईल आणि त्याच्याकडून काय मागावे?
– उद्योजिका, अंबाजोगाई

उत्तर : ताई, रोज सकाळी बर्नर सुरू करताना आपण स्वतः दोन मिनिटे उभे राहिलात, तरी मिस्त्रीच्या दहा मिनिटांपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. सुरू होण्याच्या आवाजाकडे लक्ष द्यावे. पंखा, मग बारीक चटचट, मग सौम्य ‘भप्प’ आणि एकसारखा घोंगावता आवाज, हा क्रम कानाला सवयीचा झाला की त्यात फरक पडताच कळतो. जमिनीवर तेलाचा डाग, नळीच्या जोडावर ओल, चिमणीच्या तोंडाशी धूर, आणि डिझेलचा वास, एवढे पाहावे. आठवड्यातून एकदा टाकीच्या निचऱ्याच्या तोटीतून काचेच्या बाटलीत थोडे तेल काढावे. तळाशी पाण्याचा थर दिसल्यास स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढून टाकावे. पावसाळ्यात हे दर दोन दिवसांनी करावे. महिन्यातून एकदा बर्नर चालू असताना फोटोसेल जागेवरून ओढून काढावा आणि त्यावर अंधार करावा. ज्योत लगेच बंद पडून काही वेळाने लाल दिवा लागला पाहिजे. तसे न झाल्यास त्या क्षणी हाताने तेल बंद करावे आणि दुरुस्तीपर्यंत यंत्र वापरू नये. हे पहिल्यांदा मिस्त्रीसमोर करून शिकून घ्यावे. झाकण उघडण्याचे, विजेचे किंवा दाबाचे कोणतेही काम स्वतः करू नये.

मिस्त्रीकडे मागण्यासारखे म्हणजे नवे नोझल आणि जुने नोझल परत, स्वच्छ केलेला किंवा बदललेला फिल्टर, इलेक्ट्रोडमधील अंतर कंपनीच्या आकृतीप्रमाणे मोजल्याची नोंद, पंपाच्या दाबाचा आकडा, आणि वायू मोजणाऱ्या यंत्राने छापलेली चिठ्ठी. ज्याच्याकडे ते यंत्र नाही, त्याला देखभालीचे पूर्ण पैसे देऊ नयेत, असे मी स्पष्ट सांगेन. बर्नरशेजारी खिळ्याला दोरीने एक वही बांधून ठेवावी आणि तिच्यात तारीख, ट्रिप झाल्याची वेळ, भरलेले डिझेल आणि मिस्त्रीने बदललेली वस्तू एवढे चार रकाने असावेत. एक नोझल, एक फोटोसेल आणि एक फिल्टर जादा आणून त्याच खोलीत बंद डब्यात ठेवावेत. अंबाजोगाईत रविवारी संध्याकाळी ‘२’ आकड्याचे, साठ अंशाचे नोझल शोधत फिरण्याची वेळ मग येणार नाही.